नकार पचवायचा की वाचायचा?

परवा नव्या पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर वाद पेटला तो एका निकालावरून. आमच्यातल्या एकाचा भाचा केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत पुन्हा अडकला होता आणि त्याने आता थांबावे की आणखी एक प्रयत्न करावा, हा प्रश्न मामाला सतावत होता. अभ्यासिका चालवणाऱ्या मित्राने क्षणाचाही विलंब न लावता सांगून टाकले, "थांबला तो संपला. त्या शास्त्रज्ञ कॅटालिन कारिकोबाईंचेच बघ ना, सगळ्यांनी नाकारले आणि शेवटी नोबेल मिळाले."

यावर विज्ञान शिकवणारी आमची मैत्रीण म्हणाली, "अरे, उदाहरण द्यायचे तर ते पुरते दे." आणि मग तिने ते खरोखरच पुरते सांगितले. कारिको १९८५ साली पती आणि लहानग्या मुलीसह हंगेरीतून अमेरिकेत गेल्या, तेव्हा देशाबाहेर नेण्यास बंदी असलेले पैसे त्यांनी मुलीच्या खेळण्यातल्या अस्वलात शिवून नेले होते. संदेशवाहक आरएनए, म्हणजे पेशीला प्रथिन बनवण्याची सूचना देणारा रेणू, वापरून शरीराकडूनच हवे ते प्रथिन तयार करून घेण्याच्या त्यांच्या कल्पनेला अनुदान मिळेना, आणि १९९५ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने त्यांना खालच्या पदावर आणले. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पुढचा भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि खरे मर्म तिथेच आहे. प्रयोगशाळेत बनवलेला हा आरएनए पेशींना परका वाटत असे आणि त्यामुळे दाह उसळत असे, म्हणजे शंका घेणाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नव्हते. छायाप्रत काढण्याच्या यंत्रापाशी ओळख झालेल्या ड्र्यू वाइसमन या संशोधकासोबत त्यांनी या दाहाचाच पिच्छा पुरवला. पेशींमधला ट्रान्सफर आरएनए हा आरएनएचाच दुसरा प्रकार असा दाह निर्माण करत नाही, हे त्यांच्या लक्षात आले. मग आरएनएमधल्या युरिडीन या घटकाच्या जागी त्याचेच किंचित बदललेले रूप घालताच दाह शमला. यावरचा शोधनिबंधही 'नेचर' या विज्ञान नियतकालिकाने नाकारला आणि तो २००५ साली 'इम्युनिटी' या दुसऱ्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. याच तंत्रावर बनलेल्या कोविडच्या लसी त्यानंतर पंधरा वर्षांनी आल्या आणि नोबेल २०२३ साली. "नकारामागे जे खरे कारण होते, तेच तिने दूर केले," मैत्रीण म्हणाली. "तोच प्रयोग तसाच्या तसा वीस वर्षे करत बसली असती, तर आज तिचे नावही आपल्याला ठाऊक नसते."

बँकेतल्या मित्राला एवढ्यानेही समाधान झाले नाही. तो म्हणाला, "जे पोहोचले त्यांच्याच गोष्टी आपण ऐकतो. शिवाय पद गेले तरी बाईंच्या हाती प्रयोगशाळा होती, पगार होता. आपल्या पोरांच्या हाती खाटेचे भाडे आणि मेसचे बिल याखेरीज काय असते?"

मला हा मुद्दा मनापासून पटतो, आणि म्हणूनच मी खगोलशास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे उदाहरण दिले. सूर्याच्या सुमारे १.४ पटींपेक्षा अधिक वस्तुमान असलेला तारा इंधन संपल्यावर श्वेत बटू, म्हणजे आकसलेला लहानसा घट्ट तारा, होऊन शांत राहू शकत नाही, हा निष्कर्ष त्यांनी ११ जानेवारी १९३५ रोजी लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत मांडला, आणि त्या काळचे सर्वात मान्यवर खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टन यांनी भर सभेत त्याची खिल्ली उडवली. त्या नकारात दुरुस्त करण्याजोगे काहीच नव्हते, कारण गणित बरोबरच होते. चंद्रशेखरांनी आपले म्हणणे सोडले नाही, पण दाराशी धरणेही धरले नाही. १९३९ साली तो विषय ग्रंथात मांडून ते दुसऱ्या संशोधनाकडे वळले, आणि १९८३ साली नोबेल मिळेपर्यंत त्यांनी एकामागून एक विषय हाताळले. अशा वळण्याला मी माघार म्हणणार नाही.

"परीक्षेचे तसे नसते," अभ्यासिकावाला म्हणाला, आणि त्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. २०२३ च्या पूर्वपरीक्षेला सुमारे ५ लाख ९२ हजार उमेदवार बसले आणि अखेर शिफारस झाली १,०१६ जणांची. एवढ्या गर्दीत वगळले जाणे हा कोणाच्याही योग्यतेवरचा निवाडा नव्हे, हे मुलांना घरच्यांनी स्वच्छ शब्दांत सांगायला हवे. पण नापासांतही फरक असतो. पात्रतेपुरत्या दुसऱ्या पेपरात ३३ टक्के न मिळाल्याने बाद झालेला मुलगा गणित आणि उताऱ्यांवर मेहनत घेऊन पुढे जाऊ शकतो. पहिल्या पेपरात दरवर्षी थोडक्यात हुकणाऱ्याची गोष्ट वेगळी, आणि ज्याचे गुण वर्षागणिक घसरत चालले आहेत त्याची आणखी वेगळी. खुल्या गटाला ३२ वर्षांपर्यंत सहाच प्रयत्न मिळत असताना, हा फरक न पाहता "अजून एकदा बस" म्हणणे मला क्रूर वाटते.

मामा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मी त्याला दरवर्षी झाले की नाही एवढेच विचारले. गुण किती, ते कधी विचारलेच नाही."

"म्हणजे आता गुण बघून तुम्ही पोराला उठवणार!" अभ्यासिकावाला चिडला. मैत्रिणीने त्याला समजावले की गुणांचा अर्थ भाच्यानेच लावायचा आणि निर्णयही त्यानेच घ्यायचा. मामाने फक्त शेजारी बसायचे. बँकवाल्याचा आग्रह असा की पुढचा प्रयत्न करायचाच असेल तर हाती काहीतरी नोकरी धरूनच करावा. अभ्यासिकावाल्याला हे मुळीच मान्य नव्हते, कारण नोकरी सांभाळून या परीक्षेला लागणारा वेळ काढता येत नाही, असा त्याचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे. या एका मुद्द्यावर शेवटपर्यंत आमचे एकमत झाले नाही. भाचा रविवारी गुणपत्रिका घेऊन येतो आहे.