'गुगल वाचून लिहिणाऱ्या'कडून, पिवळ्या दिव्याबद्दल

साहेब,

नाव लिहिलेलं नाही तुम्ही, 'एक जाणकार' एवढंच टाकलंय, म्हणून साहेब म्हणतो. प्रतिक्रिया काल रात्री साडेअकराला वाचली आणि झोप उडाली.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. बटण स्टार्टच्या गाडीत डॅशबोर्डवर किल्लीचं पिवळं चिन्ह लागलं तर घाबरू नका, आधी किल्लीतला सेल बदला, असं मी मागच्या रविवारी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं असं की सेल नवा असूनही गाडी सुरू होत नसेल तर ब्रेकचा स्विच (पेडलवरचा, ब्रेक दाबलाय हे गाडीला कळवतो तो) बघावा, गाडीची बॅटरी बघावी, सेलचा नंबरही मी एके ठिकाणी चुकवलाय, आणि शेवटी हे वाक्य, "घरात बसून गुगल वाचून लिहिणाऱ्यांचं हे असंच होतं."

नंबरची चूक मान्य. सीआर २०३२ च्या जागी एकदा २०२५ पडलं होतं, दुरुस्त केलंय. दोन्ही सेल २० मिलिमीटरचेच, फरक फक्त जाडीत, ३.२ आणि २.५, त्यामुळे पातळ सेल आत बसतो पण सैल राहतो आणि माणसाला वाटतं नवीन टाकला तरी तेच. आभार. चुकलं की चुकलं म्हणायला मला काही कमीपणा वाटत नाही.

पण ते गुगलचं. साहेब, माझे वडील एसटीच्या डेपोत ३१ वर्षं मेकॅनिक होते. मी आठवीत असताना कार्बोरेटरचे जेट तोंडाने फुंकून साफ केलेत, पेट्रोलची चव कशी असते ते मला विचारा. १९९६ पासून गाडी चालवतोय, तेव्हा सकाळी चोक ओढल्याशिवाय मारुती हूं की चूं करायची नाही. आणि सेलचंच म्हणाल तर, लहान मुलांनी गिळू नयेत म्हणून काही सेलना कडू लेप लावलेला असतो आणि त्या लेपामुळे काही किल्ल्यांत कॉन्टॅक्ट नीट येत नाही, कोरड्या फडक्याने पुसून बसवावा लागतो, हे मला कसं कळलं माहितीये? संशय आला म्हणून जिभेला लावून बघितला (तुम्ही करू नका). दुपारच्या जेवणापर्यंत तोंड कडू होतं. आता हे मी गुगल वाचून लिहितोय का?

डिसेंबर २०२१. रत्नागिरीहून कोल्हापूरला येताना आंबा घाट चढून पहाटे पाचला चहाला थांबलो, गाडीत बायको, सासूबाई आणि नारळाचं पोतं. चहा घेऊन परत आलो, बटण दाबलं तर गाडी ढिम्म आणि समोर पिवळी किल्ली. सासूबाईंनी देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी शांतपणे किल्लीच बटणाला टेकवली, कारण सेल मेला तरी किल्लीत एक चिप असते आणि तिला लागते तेवढी वीज ती गाडीच्या कॉइलकडून घेते, मोबाईल वायरलेस चार्जरवर ठेवतो तसंच. काही गाड्यांत ती टेकवायची जागा वेगळी असते, आमच्यात बटणच. तर टेकवली, आणि तिसऱ्या खेपेला, ब्रेकवर जवळजवळ उभाच राहिलो तेव्हा, बटण केशरीचं हिरवं झालं आणि गाडी सुरू! तो पिवळा दिवा सेलचाच होता, घरी मल्टिमीटर लावला तर २.६ व्होल्ट, नवा असतो ३ च्या वर. पुढे दोन-तीन दिवसांनी परत तसंच झालं तेव्हा गॅरेजवाल्याने पेडलवरचा स्विच पण बदलला, पण तो वेगळा विषय.

राहता राहिली तुमची बाकीची यादी. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, १२ च्या खाली गेली की संपली, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे, त्यासाठी जाणकार कशाला लागतो. ब्रेकचं म्हणाल तर माझ्या लेखाचं नाव 'पिवळा दिवा' होतं, 'गाडी सुरू न होण्याची सगळी कारणं' नव्हतं. प्रत्येक गोष्ट एकाच लेखात कोंबायची तर मी पुस्तकच काढतो, तुम्ही प्रस्तावना लिहा.

राग मुद्द्याचा नाहीये हो. मुद्दे येऊ द्या, पंधरा वर्षं लिहितोय, लोकांनी यापेक्षा कडक सुनावलंय. पण भाषा असते की नाही काही? समोरासमोर चहा पिताना असंच म्हणाला असतात का? आणि इतकं येतं तर स्वतः लिहा ना, मी पहिला वाचेन.

प्रतिक्रिया डिलीट केलेली नाही, करणारही नाही. लेखात आज सकाळी एक ओळ घातलीय, की ब्रेक दाबूनही बटण हिरवं होत नसेल तर कुणालातरी मागे उभं करा आणि ब्रेकलाईट लागतात का बघायला सांगा, लागत नसतील तर आधी स्विच तपासा. ती तुमच्यामुळे घातलेली नाही. माझ्या डोक्यात आधीपासूनच होती, फक्त टाईप करायची राहिली होती.