गिअरबॉक्स उतरवलाच आहे, तर फ्लायव्हील का पाहत नाही?

माझ्या 14 वर्षे जुन्या डिझेल गाडीचा गिअरबॉक्स क्लचच्या कामासाठी दोन वर्षांत तिसऱ्यांदा खाली उतरला आहे आणि आता माझी सहनशक्ती संपली आहे. पहिल्या वेळी मेकॅनिकने फक्त क्लचप्लेट बदलली आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारे) ‘अजून चालेल’ म्हणून जुनेच ठेवले. चार महिन्यांत क्लच दाबताच ते किरकिरू लागले. दुसऱ्या वेळी बेअरिंग बदलले, पण फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनाच्या ज्या जड चकतीवर क्लचप्लेट दाबली जाते तिच्याकडे, कोणी ढुंकूनही पाहिले नाही. परवा खंबाटकी घाटाच्या चढावर थांबून गाडी पुन्हा उचलताना ती अक्षरशः थडथडली आणि जळक्या क्लचचा वास आत भरला.

खोलल्यावर ते फ्लायव्हील मी स्वतः पाहिले. त्यावर निळे-जांभळे डाग होते, नखाला अडकतील अशा खाचा होत्या आणि केसासारख्या बारीक भेगा होत्या. हे एका दिवसात होते का? अशा पृष्ठभागावर नवी प्लेट टिकणार तरी कशी?

खरी मजुरी गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याची असते. मग तो खाली असतानाच हे मेकॅनिक प्रेशर प्लेट (क्लचप्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) आणि बेअरिंगसह पूर्ण संच का बदलत नाहीत, क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलमधून ऑईल गळते आहे का हे का पाहत नाहीत, फ्लायव्हील लेथवर घासून चालेल की बदलावेच लागेल हे तेव्हाच का सांगत नाहीत? प्रत्येक वेळी ‘साहेब, तुमचा खर्च वाचवला’ हेच ऐकवतात. कोणता खर्च वाचवला? मजुरी मी तीनदा भरली आहे!