पेट्रोलचा भाव व्हाइट हाउसमध्ये ठरत नाही, काका

आज सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक चित्र आलं. वर ओळीने राष्ट्राध्यक्षांचे फोटो, खाली प्रत्येकाच्या नावावर पेट्रोलचा गॅलनचा भाव. ट्रम्प यांच्याखाली पावणेदोन डॉलर, बायडेन यांच्याखाली पाच. शेवटी लाल अक्षरात 'आकडे खोटं बोलत नाहीत'. टाकणारे काका ह्यूस्टनमध्ये माझ्या कितीतरी आधीपासून राहतात, आयुष्यभर तेलाच्या धंद्यात नोकरी करून निवृत्त झालेत. खाली अंगठ्यांचा पाऊस. मंडळात राजकारण नको असा नियम आहे (तो नेमका कुणासाठी आहे हे एकदा ठरवायला हवं), म्हणून तिथे गप्प बसले आणि इथे लिहितेय. लांबणार आहे, आधीच सांगते.

काका, तो पावणेदोनचा भाव एप्रिल २०२० चा आहे. आठवतोय ना तो महिना? रस्ते ओस, विमानं जमिनीवर, आपण सगळे घरात पोळ्यांचे आणि मास्कचे फोटो टाकत होतो. २० एप्रिलला तर कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७ डॉलरवर बंद झाला. तेल घेऊन जा, वर पैसे देतो, अशी अवस्था. आणि तो पाचचा भाव जून २०२२ चा, रशिया युक्रेनमध्ये घुसल्यानंतरचा. म्हणजे एकाच्या खात्यात महामारी जमा केली आणि दुसऱ्याच्या खात्यात युद्ध नावे टाकलं. हे तुम्हाला कळत नाही असं नाही. कळतं, म्हणूनच राग येतो.

आता पॉप्सची गोष्ट सांगते. माझ्या जवळच्यांनी ती ऐकलीय, त्यांनी पुढे सरकावं.

मी पश्चिम टेक्ससमधल्या मिडलंडला फ्रॅकच्या (पाण्याच्या दाबाने खडक फोडून तेल काढण्याच्या) क्रूवर नवीन फील्ड इंजिनिअर होते तेव्हा पॉप्स आमचा सुपरवायझर होता. खरं नाव देत नाही, क्रूवर सगळे पॉप्सच म्हणायचे. वेस्ट टेक्ससचा माणूस, हात फावड्याएवढे, आणि ओबामांवर मनापासून राग. डेटा व्हॅनमध्ये रात्रपाळीला पंपांचं प्रेशर बघत बघत तो तासन्‌तास ओबामांचा उद्धार करायचा. हा माणूस तेल मारणार, आपल्या पोटावर पाय देणार. आणि हे चालू असताना आमच्याकडे काम इतकं होतं की फ्रॅकच्या दोन टप्प्यांच्या मध्ये जेवायला वेळ नसायचा. मिडलंडमध्ये मोटेलच्या खोलीला मोठ्या शहरातल्या हॉटेलचा भाव पडत होता. पॉप्सने त्या काळात नवाकोरा पिकअप घेतला, तळ्याकाठी जागा घेतली. मी एकदा गमतीने म्हटलं, "पॉप्स, ओबामांचा फोटो लाव की गाडीत, त्यांच्याच राज्यात घेतलीस." अर्धी शिफ्ट बोलला नाही माझ्याशी.

पण मी म्हटलं तेही चूकच होतं. ओबामांनी कुठे तेल काढलं होतं? २००८ मध्ये अमेरिकेचं कच्च्या तेलाचं उत्पादन रोजचं ५० लाख बॅरलच्या आसपास होतं, ओबामांच्या काळात ते ९० लाखांच्या पुढे गेलं. ट्रम्प यांच्या काळात २०१९ ला सव्वा कोटीच्या जवळ, आणि ज्यांनी पहिल्याच दिवशी कीस्टोन एक्सएल या तेलवाहिनीची परवानगी काढून घेतली त्या बायडेन यांच्या काळात, २०२३ मध्ये, जवळपास १ कोटी २९ लाख. तोवर जगातल्या कुठल्याही देशाने एका वर्षात एवढं तेल काढलेलं नव्हतं. तेलप्रेमी आला, वाढलं. तेलद्वेष्टा आला, वाढलं. मग काय समजायचं?

टेक्सस आणि न्यू मेक्सिकोत पसरलेल्या पर्मियन या तेलपट्ट्याची टेक्ससमधली बहुतेक जमीन तर खाजगी किंवा राज्याची आहे. १८४५ साली अमेरिकेत सामील होताना टेक्ससने आपली सार्वजनिक जमीन स्वतःकडेच ठेवली. तिथे भोक पाडायला वॉशिंग्टनची लीज लागतच नाही. (न्यू मेक्सिकोच्या बाजूला सरकारी जमीन बरीच आहे, मान्य. तिथे फरक पडतो.)

शेलचं, म्हणजे फ्रॅक करून घट्ट खडकातून तेल-गॅस काढण्याचं, श्रेय एका माणसाला द्यायचंच असेल तर जॉर्ज मिचेल यांना द्या. गॅल्व्हेस्टनमध्ये जन्मलेला ग्रीक स्थलांतरिताचा मुलगा. १९८१ पासून फोर्ट वर्थजवळच्या बार्नेट शेलमध्ये पैसा ओतत राहिला, त्याच्याच कंपनीतले लोक त्याला वेडा म्हणत होते. १९९८ मध्ये त्याच्या इंजिनिअरांनी घट्ट जेलऐवजी जवळजवळ नुसतं पाणी आणि वाळू वापरून बघितली आणि गॅस वाहायला लागला. एवढ्या वेळात रेगन आले आणि गेले, थोरले बुश आले आणि गेले, क्लिंटन यांची दुसरी टर्म चालू होती. त्याआधी सत्तरच्या दशकात केंद्र सरकारने शेलमधल्या गॅसवर संशोधनाला पैसा दिला होता, आणि असा अवघड गॅस काढणाऱ्यांसाठीची करसवलत १९८० च्या ज्या कायद्यात होती त्यावर सही कार्टर यांची. हो, तेच, व्हाइट हाउसच्या छतावर सोलर लावणारे, ज्यांचं नाव काढलं की काका हसतात. त्या सवलतीचा उपयोग मिचेलना झाला, आणि फळं मिळाली ती वीस-पंचवीस वर्षांनी. आजोबांनी लावलेल्या कलमाचे आंबे नातवाने स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून वाटावेत, तसं सगळं चालू आहे.

कार्टर यांचं तर वाईटच वाटतं मला. १९७९ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पॉल व्होल्कर यांना फेडरल रिझर्व्हवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर, बसवलं. व्होल्कर यांनी व्याजदर असे चढवले की लोकांचे डोळे पांढरे झाले. १९८० च्या मार्चमध्ये महागाई १४.८ टक्के होती, नोव्हेंबरात कार्टर निवडणूक हरले. पुढे महागाई उतरली, सुबत्ता आली, आणि फोटोखाली नाव लागलं रेगन यांचं. बरं, रेगन यांनी १९८२ च्या मंदीत व्होल्कर यांना हटवलं नाही, उलट पुढे पुन्हा नेमलं, एवढं त्यांच्या पदरात टाकते. एवढंच.

पुन्हा पॉप्स. नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हिएन्नाला ओपेकची, म्हणजे तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या संघटनेची, बैठक झाली. सौदी म्हणाले, आम्ही उत्पादन कमी करणार नाही. उन्हाळ्यात शंभरावर असलेलं तेल वर्षअखेरीस पन्नाशीकडे घसरलं आणि २०१६ च्या सुरुवातीला तिशीच्या खाली गेलं. आमच्या यार्डात मीटिंग बोलावली गेली. ज्यांची नावं घेतली ते डाव्या दाराने, उरलेले उजव्या. पॉप्स डाव्या दाराने गेला. पार्किंगमध्ये मला म्हणाला, "बघितलंस? केलंच शेवटी त्याने." ओबामांनी. मी काय बोलणार? तेव्हा त्याच्या हातात खोकं होतं.

त्याच घसरणीने भारतात पेट्रोल उतरलं, आणि फेब्रुवारी २०१५ च्या दिल्लीतल्या प्रचारात पंतप्रधानांनी त्याचा संबंध स्वतःच्या नशिबाशी जोडला. निदान नशीब तरी म्हणाले, हे मी प्रामाणिकपणात धरते. मग एक्साइज वाढवून वाढवून त्यातलं बरंच नशीब सरकारने काढूनही घेतलं, पण ते सांगलीच्या मित्रांशी वेगळं भांडेन.

पॉप्स नंतर परत कामावर आला, २०२० मध्ये पुन्हा गेला. या वेळी फोनवरच. आणि या वेळी तो काय म्हणाला माहितेय? "त्यात बिचारा ट्रम्प काय करणार? रोगच असा आला." अगदी बरोबर बोलला! शंभर टक्के! म्हणजे ती अक्कल होती त्याच्याकडे. बाजार, ओपेक, रोग, मागणी, सगळं कळत होतं. ती फक्त आपला माणूस खुर्चीत असला की बाहेर निघायची. २०२२ मध्ये भाव चढले, क्रू भरायला माणसं मिळेनात, पॉप्सला पूर्वीपेक्षा जास्त पगारावर बोलावलं. त्याच पगारातून टाकी भरताना त्याने पिकअपच्या मागे बायडेन बोट दाखवतायत तो 'आय डिड दॅट'चा स्टिकर लावला. अरे, मग तुझी नोकरी कुणी डिड?

आता कॅलिफोर्नियातली माझी भाचेमंडळी खूश होऊन शेअर करायला निघाली असतील. थांबा जरा. उणे ३७ चा स्क्रीनशॉट 'बघा ट्रम्पने काय केलं' म्हणून तुम्हीच फिरवत होतात ना? उलट त्या महिन्यात त्या माणसाने सौदी आणि रशियाला फोन करून ओपेक प्लसकडून (ओपेक आणि रशियासारखे तिचे सोबती) रोजची ९७ लाख बॅरलची कपात करून घ्यायला हातभार लावला. राष्ट्राध्यक्षाने तेलाच्या भावाला खरोखर हात लावल्याची जी मोजकी उदाहरणं आहेत त्यातलं ते एक, आणि ते त्यांच्या नावावर लिहायला माझा हात जड होतो, पण लिहिते. तसंच बायडेन यांनी राखीव साठ्यातून १८ कोटी बॅरल सोडलं त्यानेही भाव थोडा उतरला असणार. आणि निक्सन यांनी १९७१ मध्ये भावनियंत्रण आणून ठेवलं होतं, त्यामुळे १९७३ च्या अरबांच्या तेलबंदीनंतर पंपांवरच्या रांगा आणखी लांबल्या. ते पाप त्यांचंच. म्हणजे राष्ट्राध्यक्ष काहीच करत नाहीत असं मी म्हणत नाहीये, कमेंटमध्ये ते माझ्या तोंडी घालू नका.

महागाईचंही तेच. २०२१ मध्ये सरकारने लोकांना वाटलेल्या चेकांनी भर पडली, ठीक आहे. पण ऑक्टोबर २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये महागाई ११.१ टक्के होती, अमेरिकेच्या शिखरापेक्षाही वर. तिथे कोण बायडेन बसले होते?

मला खरी चीड कशाची येते सांगू? फोटो राष्ट्राध्यक्षाचा लागला की बाकी सगळे सुटतात. पर्मियनमधली मोठी कंपनी पायोनियर, तिचे तेव्हाचे प्रमुख स्कॉट शेफील्ड फेब्रुवारी २०२२ मध्ये उघडपणे म्हणाले होते की तेल दीडशे होवो की दोनशे, आम्ही वाढीची योजना बदलणार नाही. का? कारण गुंतवणूकदारांचे हात शेलमध्ये आधी पोळले होते आणि त्यांना आता विहिरी नको, लाभांश हवा होता. त्यांचा पैसा, त्यांचा निर्णय, असेल. पण मग पंपावर स्टिकर कुणाचा लागायला हवा होता? आणि फेब्रुवारी २०२१ चा गारठा आठवा. आपण सगळे कोट घालून, एका खोलीत, मुलांना मध्ये घेऊन झोपलो होतो. गॅसच्या विहिरी आणि वीजकेंद्रं थंडीत बंद पडत होती. टेक्ससचं ग्रिड मुद्दाम केंद्राच्या नियमांपासून लांब ठेवलेलं, आणि आपले गव्हर्नर टीव्हीवर सांगत होते की बघा, ग्रीन न्यू डील (हरित ऊर्जेची प्रस्तावित योजना) आली तर काय होईल. जी आलीच नव्हती तिने आपली वीज घालवली! बरं, इथल्या पवनऊर्जेला पहिला मोठा जोर मिळाला तो १९९९ च्या कायद्याने, आणि तेव्हा गव्हर्नर होते धाकटे बुश. त्या आठवड्यात माणसं मेली हो. अधिकृत आकडा २४६.

लिहिता लिहिता पॉप्सवरही चिडले. ते बरोबर नाही.

बाबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिडलंडला साइटवर होते. संध्याकाळची सगळी विमानं निघून गेलेली. पॉप्स म्हणाला, बस गाडीत. रात्रभर गाडी चालवून त्याने मला डॅलसच्या विमानतळावर सोडलं, पाच तासांची वाट, आणि तसाच मागे फिरून शिफ्टला गेला. वाटेत राजकारणाचा एक शब्द नाही. स्वतःच्या वडिलांबद्दल बोलत होता. ते ओडेसामध्ये रिगवर होते. १९८६ मध्ये सौदींनी नळ उघडला आणि तेल दहा डॉलरपर्यंत आलं तेव्हा त्यांची नोकरी गेली, ती परत मिळालीच नाही. घरात रेगन यांचा फोटो होता, तो मात्र कायम राहिला. त्या काळी इकडे गाड्यांवर एक स्टिकर असायचा, पॉप्सच्या वडिलांच्या गाडीवरही होता. देवा, आणखी एकदा तेजी दे, या वेळी पैसा उधळणार नाही, अशा अर्थाचा, मूळ भाषा जरा शिवराळ. विनंती देवाला आणि दोष स्वतःला. चाळीस वर्षांत स्टिकर बनवणाऱ्यांचीसुद्धा अक्कल उतरणीला लागली म्हणायची.

तर काका, तुम्हाला राष्ट्राध्यक्ष तपासायचाच असेल तर पंपावरचा आकडा बघू नका. त्याने आज कशाला पैसा दिला आणि कशाचा बंद केला ते बघा, आणि थांबा. युटाच्या बीव्हर काउंटीत सध्या जमिनीखालच्या गरम खडकातून वीज काढायचं काम चाललंय. ड्रिलिंग आडवं, फ्रॅकिंग पाण्याने, म्हणजे सगळी विद्या शेलचीच. सरकारी प्रयोगाची जागा तिथे २०१८ मध्ये, ट्रम्प यांच्या काळात पक्की झाली, त्या कार्यक्रमाची सुरुवात ओबामांच्या काळातली, पैसा बायडेन यांच्या काळातही चालू राहिला. शेजारी खाजगी प्रकल्प उभारतेय ती फर्वो कंपनी आपल्याच ह्यूस्टनची. चाललं तर श्रेय कुणाचं, सांगा.

पॉप्सने तिकडे अर्ज केलाय. परवाच फोन आला होता, माझं नाव रेफरन्स म्हणून दिलंय. त्याच्या मते हे सगळं डाव्यांचं खूळ आहे, पण पगार बरा आहे म्हणे.