चाचणीत पास झालेला मॅनेजर

ऐरोली-महापेकडच्या एचआर ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'मॅनेजर नीतिमान आहे की नाही, हे १५ मिनिटांच्या चाचणीत कळतं. शास्त्राने सिद्ध झालंय. गुण बघा आणि बढती द्या.'

आधी 'शास्त्राने सिद्ध'. अशा चाचण्यांतली एक नावाजलेली घेऊ. मानसशास्त्रज्ञ जेम्स रेस्ट यांनी १९७०च्या दशकात लॉरेन्स कोहलबर्ग यांच्या नैतिक विकासाच्या सिद्धांतावरून 'डिफायनिंग इश्यूज टेस्ट' बनवली. तीत नैतिक पेचाच्या गोष्टी आणि प्रत्येकीखाली १२ मुद्दे असतात. कुठला किती महत्त्वाचा ते सांगायचं. काही मुद्दे मुद्दामच भारदस्त पण निरर्थक घातलेत, जड शब्दांना भुलणारे पकडायला. (आमच्याकडच्या टाउनहॉलमधले निम्मे वक्ते तिथेच गळतील.) चाचणी हुशारीने बनवलीय, पण मोजते ती विचार करण्याची पद्धत. खुद्द रेस्ट यांनीच १९८६मध्ये चार गोष्टी वेगळ्या काढल्या: प्रश्न नैतिक आहे हे जाणवणं, योग्य काय ते ठरवणं, तेच करायचं मनावर घेणं आणि शेवटपर्यंत निभावणं. ही चाचणी यातल्या दुसरीची.

आता समजा, रबाळ्यातला एक कारखाना. ईटीपीचा, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा, पंप बंद, माल रात्रीच निघायचाय आणि वरून फोन येतो, "आज सोडा नाल्यात, उद्या बघू." हे चूक आहे हे तिथल्या मॅनेजरला कुणी शिकवायला नको. तो अडतो पुढे: बोनस, घराचा हप्ता, 'तुला जमत नसेल तर सांग'. व्यवस्थापनाचे अभ्यासक थॉमस जोन्स यांनी १९९१मध्ये मांडलं की प्रसंगाचंही वजन असतं: नुकसान किती, कधी होणार, आपल्या किती जवळच्या माणसाचं. नाल्यातलं पाणी खाडीत जातं, दारात येऊन कुणी भांडत नाही. चाचणीच्या गुणांत हे कुठे दिसणार?

१५ मिनिटांचं म्हणाल तर, बढती पणाला लागल्यावर 'लाच घ्याल का' याला 'हो' कोण लिहील? म्हणूनच अभ्यासक बऱ्याचदा 'तुमच्या जागी दुसरा असता तर त्याने काय केलं असतं' असं आडून विचारतात, तेही उत्तर देणाऱ्याचं नाव न विचारता. नावानिशी घेतलेल्या चाचणीत ती सोय उरत नाही.

आणि बाहेरच्या शिक्क्यावर भरवसा? सत्यम या आयटी कंपनीला २००८मध्ये कंपनी-कारभाराचा पुरस्कार मिळाला होता. ७ जानेवारी २००९ला अध्यक्षांचं हिशेबातल्या घोटाळ्याचं कबुलीपत्र आलं.

मोजायचंच असेल तर खरेदीच्या फायली काढा: दुसरं कोटेशन न मागवता, एकाच कोटेशनवर किती ऑर्डरी गेल्या? कंपनी कायदा २०१३च्या कलम १७७ने सूचीबद्ध कंपन्यांना गैरप्रकारांच्या तक्रारीची यंत्रणा सक्तीची केली आहे. तिथे गेल्या वर्षी काय आलं, आणि तक्रार करणाऱ्याला पुढच्या अप्रेझलमध्ये काय रेटिंग मिळालं?