मागे कागद असतो

रविवारी सकाळी पर्वतीवर, लख्ख उन्हात, माझा रोल उघडला गेला. कर्मणी प्रयोग मुद्दाम वापरलाय. कर्ता एक काका होते.

कॅमेरा आग्फा आयसोलेट, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचा. पुढचं दार उघडलं की लेन्स भात्यासकट बाहेर येते; समोरचा किती फुटांवर आहे ते अंदाजाने लेन्सवर लावायचं. एका रोलवर बारा फोटो, रोलला जवळजवळ हजार रुपये, म्हणजे एका खटक्याला त्र्याऐंशी. हा हिशेब मी दर वेळी खटका दाबायच्या आधी करतो, म्हणून माझ्या फोटोंत पक्षी नसतात, फांद्या असतात.

सात वाजले होते. १०३ पायऱ्यांची धाप टाकत कठड्यावर बसलो होतो. पांढरे बूट घातलेले एक काका समोर थांबले. त्यांना धाप वगैरे काही नव्हती.

"आयसोलेट का?"

आजवर मला "दुर्बीण आहे का?" आणि "अजून चालतो?" एवढंच विचारलं गेलंय. नावानं ओळखणारा पहिलाच माणूस. मी हुरळून कॅमेरा त्यांच्या हातात दिला. एवढी चूक माझी.

"आमच्याकडे क्लिक थ्री होता. बडोद्याला बनायचा. त्यालाही हाच रोल," असं म्हणता म्हणता त्यांनी मागची कळ सरकवली आणि डब्यात लाडू किती उरलेत ते बघावं तसे आत डोकावले.

"काका, रोल आहे आत!"

"हो, दिसतोय की."

"अहो, बंद करा!"

"ओरडतोस काय? मागे कागद असतो. काळा. फिल्म त्याच्या पलीकडे. फार तर कडा जातील." त्यांनी सावकाश झाकण लावलं आणि लाल खिडकीतला आकडा वाचला. "सात झालेत. आठवा माझा काढ. पंधरा फुटांवर लाव."

आणि झाडाच्या सावलीत जाऊन उभे राहिले. सॉरी नाही, काही नाही. कोणाच्या घरात शिरून फ्रीज उघडला तरी माणूस "पाणी घेतो हं" म्हणतो. मी तोंड पाडून ॲपर्चर पूर्ण उघडलं. पंधरा कसले, दहाच फूट, असं ठरवून दहावर लावलं आणि त्र्याऐंशी रुपये त्यांच्यावर घालवले.

घरी बाथरूमच्या दाराला खालून टॉवेल लावला, दिवा घालवला. मे महिन्यात अंधारात घामेजल्या बोटांनी फिल्म प्लास्टिकच्या रिळात सरकवणं म्हणजे ओल्या अंगानं शर्ट घालणं. शिवाय फोटो उमटवणाऱ्या डेव्हलपरला २० अंश लागतात आणि आमच्या नळाला पाणी तिशीच्या वर. बर्फाच्या परातीत बाटल्या ठेवल्या. तो बर्फ पन्ह्यासाठीचा होता, हे मला नंतर दोनदा सांगण्यात आलं. साडेआठ मिनिटं फिल्मचा डबा उलटासुलटा करताना मी काकांसाठी वाक्यं जुळवत होतो. काही फारच चांगली जमली होती.

फोटो पक्का करणाऱ्या हायपोतून काढून रोल उजेडात धरला. कडेला, काका म्हणाले होते तेवढ्याच, काळ्या जिभा; निगेटिव्हवर उजेड शिरला की काळाच उमटतो. मधला भाग शाबूत. दर चौकटीत एकाच जागी एक काळा ठिपका मात्र होता. टॉर्च भात्यात घालून पाहिलं तर कोपऱ्यात सुईएवढं भोक. ते काकांच्या खात्यावर मांडायचा मी बराच प्रयत्न केला.

आठवा फोटो भिंगाखाली पाहिला. काका धूसर. त्यांच्या बऱ्याच पुढची, पायवाटेवरची पाचोळ्याची पानं मात्र शिरांसकट लख्ख. पंधराच फूट होतं.

निघताना ते म्हणाले होते, "मी रोज साडेसहाला असतो. प्रिंट आणून दे."

सध्या मी तळजईच्या टेकडीवर जातो.