‘पोटात थेट गरम केमो’ : त्या मेसेजमधून गायब झालेला शब्द

मिरजेत माझं औषधांचं दुकान आहे. महिनाभरात चार-पाच जणांनी तोच मेसेज दाखवला : ‘सलाईनची केमो म्हणजे जुना धंदा. आता पोटात थेट गरम औषध सोडतात. साइड इफेक्ट शून्य, कुठल्याही कॅन्सरला चालतं, डॉक्टर मुद्दाम सांगत नाहीत.’ परवा तासगावकडचा एक द्राक्षबागायतदार आईची दुसरी केमो थांबवून हेच मागायला निघालेला. आईला अंडाशयाचा कॅन्सर.

पद्धत खरी आहे, ‘हायपेक’ म्हणतात. पण मेसेजमधून ‘ऑपरेशन’ हा शब्दच गायब, आणि गोम तिथंच आहे. आधी पोट उघडून दिसतील त्या गाठी काढायच्या, मग त्याच भुलीत ४०-४३ अंशांचं सिस्प्लॅटिन किंवा मायटोमायसिन हे केमोचं औषध पोटाच्या पोकळीत फिरवून काढून घ्यायचं. का? तर हे औषध आत जेमतेम दोन-तीन मिलिमीटर मुरतं. लिंबाएवढी गाठ तशीच ठेवली तर ती फक्त वरून भिजते. मी त्याला विचारलं, “डाऊनीची बुरशी पानात शिरल्यावर नुसतं स्पर्शजन्य, म्हणजे पानावरच राहणारं औषध फवारून भागतं का?” “छे, आत भिनणारं आंतरप्रवाही लागतंय की!” सलाईनची केमो ती आंतरप्रवाही.

शिवाय एक दुसऱ्याला पर्याय नाहीच. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्सच्या चाचणीत अंडाशयाच्या कॅन्सरच्या २४५ बायका होत्या. नुसत्या ऑपरेशनच्या गटात मध्यक आयुष्य (निम्म्या बायका निदान एवढं जगल्या) ३३.९ महिने, हायपेकसह ४५.७. फायदा झाला, हो. पण दोन्ही गटांना ऑपरेशनच्या आधी तीन आणि नंतर तीन केमो सलाईनमधूनच ठरलेल्या होत्या!

‘कुठल्याही कॅन्सरला’? मोठ्या आतड्याचा कॅन्सर पोटात पसरलेल्या २६५ रुग्णांवर फ्रान्समध्ये ऑक्सॅलिप्लॅटिन या औषधाचं हायपेक करून पाहिलं. हायपेकसह ४१.७ महिने, त्याविना ४१.२. म्हणजे फरक नाही.

‘साइड इफेक्ट शून्य’ तर धादांत खोटं. पोटातलं औषध रक्तातही उतरतं, सिस्प्लॅटिन किडनीला बाधतं. २००६ च्या अमेरिकन चाचणीत ऑपरेशननंतर नळीवाटे पोटात, पण गरम न करता, केमो घेणाऱ्यांपैकी जेमतेम ४२ टक्के बायका सहाही डोस पुरे करू शकल्या.

आणि ‘सांगत नाहीत’? थेट जागेवर औषध देणं काही लपवलेलं नाही : मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये तिथं नळीने बीसीजी सोडणं, रक्ताच्या कॅन्सरमध्ये पाठीच्या मणक्यातून मेथोट्रेक्सेट देणं, हे वर्षानुवर्षं चालू आहे. मात्र जागा बदलली की औषध बदलतं. व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध शिरेतून चालतं, तेच चुकून मणक्यात गेलं तर जीव जातो.

बागायतदारानं बिलाच्या मागे डॉक्टरांना विचारायचे तीन प्रश्न लिहून घेतले : आजार पोटाबाहेर गेलाय का, सगळ्या गाठी निघतील का, आईला एवढं मोठं ऑपरेशन झेपेल का. गुरुवारच्या केमोची औषधं मात्र त्यानं लगेच बांधून घेतली.