वेलांटीवरून माणूस जोखताना

कुणाच्या तरी घरी माणूस गेलेलं असतं. नातेवाईक फोटो टाकून लिहितात, ‘भावपुर्ण श्रध्दांजली’. आणि खाली कुणीतरी येऊन लिहितं, ‘आधी शुद्ध लिहायला शिका.’

चुका दोन आहेत आणि खऱ्या आहेत. ‘पूर्ण’मधला उकार दुसरा हवा. ‘श्रद्धा’मध्ये आधी अर्धा द, मग ध. पण त्या दिवशी, त्या जागी, चारचौघांत हे सांगणं मला त्या दोन चुकांपेक्षा कितीतरी वाईट वाटतं. आणि हे फक्त श्रद्धांजलीपुरतं नाही. शेतकऱ्याने पीकविम्याबद्दल तक्रार लिहिली, कुणी भाड्याच्या घराची जाहिरात टाकली, बारावीच्या मुलाने प्रश्न विचारला, की आधी वेलांट्या मोजल्या जातात. मग ‘ज्याला साधी वेलांटी कळत नाही त्याचं काय ऐकायचं’ म्हणून माणूसच निकालात काढतात.

ऱ्हस्व-दीर्घावरून माणसाची अक्कल ठरवणं अन्यायाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. शुद्धलेखन नको असं मी म्हणत नाही. ते हवंच, आणि काही ठिकाणी डोळ्यांत तेल घालून हवं. पण मराठीतल्या चुका एका जातीच्या नाहीत. कोणती चूक कशी होते हे माहीत नसताना तिच्यावरून माणूस जोखू नये.

‘वकील’ आणि ‘मंदिर’ हे दोन शब्द मोठ्याने म्हणून बघा. ‘की’ आणि ‘दि’ आपण सारखेच लांबवतो. शब्दाचं शेवटचं अक्षर अकारान्त असलं की त्याच्या आधीचा इकार-उकार मराठी जीभ आपसूक लांब करते. मग वकीलची वेलांटी दुसरी आणि मंदिरची पहिली का? कारण वकील अरबीतून आला आणि मंदिर संस्कृतातून जसाच्या तसा आला. नियम सांगतो की मराठी शब्दात ही वेलांटी दीर्घ लिहा, संस्कृतातून जसाच्या तसा आलेला म्हणजे तत्सम शब्द असेल तर मुळाप्रमाणे ठेवा. म्हणून बारीक, गरीब, मजूर. पण नागरिक, मधुर, गुण. संस्कृत ‘कठिन’चा मराठीत ‘कठीण’ झाला, न चा ण झाला, शब्द तत्सम राहिला नाही, म्हणून वेलांटीही बदलली.

पुढे विभक्ती लावा. गरीब, पण गरिबाला. फूल, पण फुलाला. इथे कान मदत करतो, जीभ खरंच आखूड होते. मग त्याच कानावर विसंबून माणूस ‘शरिरात’ लिहितो आणि चुकतो, कारण शरीर तत्सम आहे, त्याची वेलांटी हलत नाही. म्हणजे ज्याने ऐकलं तसं इमानदारीने लिहिलं, तोच इथे अडाणी ठरतो.

समासात तर आणखी गंमत. मंत्री दीर्घ, पण मंत्रिमंडळ ऱ्हस्व. प्राणी दीर्घ, पण प्राणिसंग्रहालय ऱ्हस्व. शक्ती, पण शक्तिप्रदर्शन. रवी, पण रविवार. मात्र नदीकिनारा आणि लक्ष्मीपूजन दीर्घच. का? तर संस्कृतात मूळ शब्द मन्त्रिन्, प्राणिन्, शक्ति, रवि असे आहेत आणि नदी, लक्ष्मी मुळातच दीर्घ आहेत. मराठीत एकटे असताना हे सगळे सारखे दीर्घ दिसतात. समासात शिरले की ज्याचं त्याचं संस्कृत रूप आठवावं लागतं.

म्हणजे वेलांटीची परीक्षा बऱ्याच अंशी संस्कृतची परीक्षा आहे. ज्याच्या शाळेत आठवीला संस्कृत होतं, घरात शब्दकोश होता, चूक झाली तर कारण सांगणारं कुणी होतं, त्याला ही सूट आयती मिळाली. ज्याच्या शाळेत एकच शिक्षक चार वर्ग सांभाळत होता, त्याला नाही मिळाली. यातून दोघांच्या बुद्धीबद्दल काहीही कळत नाही.

आणि हे नियम अनादी काळापासून चालत आलेले नाहीत. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ साली त्यांत ४ नियमांची भर पडली, आज चालतात ते हे १८. त्याआधीची छापील पुस्तकं उघडा: ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’, ‘करणें’, ‘कवि’. तेव्हा हे शुद्ध होतं आणि अनुस्वार गाळणारा चुकत होता. आज उलट. त्याहून मागे गेलात तर मोडी. मोडी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत. वेलांटी एकच, उकार एकच. पेशवाईचा कारभार त्या लिपीत चालला. हिशेब लिहिले गेले, वसूल झाला, फौजांना हुकूम गेले.

शेजारी गुजरातीतही हाच प्रश्न आहे. गुजरात विद्यापीठाने १९२९ साली जोडणीकोश, म्हणजे शब्द कसे लिहायचे ते ठरवणारा कोश, काढून एकवाक्यता आणली, आणि १९९९ साली ऊंझा इथे जमलेल्या मंडळींनी एकच इ आणि एकच उ ठेवा अशी मागणी केली. ती सर्वमान्य झाली नाही, पण मागणी करणारे काही भाषेचे वैरी नव्हते.

इंदूर-ग्वाल्हेरकडच्या मराठी माणसाचं तर वेगळंच. शाळा हिंदी माध्यमाची, घरची भाषा मराठी. तो ‘शक्ति’, ‘कवि’ लिहितो. हिंदीत ते बरोबर, संस्कृतात बरोबर, मराठीत १९६२ पासून चूक. ‘राम ने’, ‘घर में’ अशी प्रत्यय सुटा लिहायची सवय हिंदीतली, म्हणून मराठीतही त्याच्या हातून ‘रामा ने’ असं तुटतं. तीन पिढ्या बाहेर राहून मराठी लिहिणाऱ्याचं कौतुक करायचं सोडून त्याला आपण हिणवतो.

आता बोलीचं. याची मला सगळ्यात जास्त चीड येते. ‘मला पुस्तक भेटलं’ असं लिहिलं की लोक तुटून पडतात: ‘माणसं भेटतात, वस्तू मिळतात!’ प्रमाण मराठीत तसा भेद आहे, मान्य. पण विदर्भात, मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रातही कितीतरी घरांत वस्तूही भेटतात, नोकरीही भेटते, पगारही भेटतो. ती त्या बोलीची रीत आहे आणि ती रीत पाळणारा माणूस चुकत नाही. ‘पानी’ आणि ‘लोनी’ लिहिणाऱ्याच्या बोलीत ण आणि न एक झालेले असतात. त्याला हसणारा माणूस खरं तर कशाला हसतो? गावाला हसतो, आणि पुष्कळदा जातीला हसतो. आपण ज्याला प्रमाण म्हणतो ती मराठी पुणे परिसरातल्या शिकलेल्यांच्या बोलण्यावरून घडली. त्या घरात जन्मलेल्याला ती बसल्या जागी येते, बाकीच्यांना ती शिकावी लागते. एवढाच फरक.

यंत्राच्या चुका वेगळ्या. इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर पहिली वेलांटी ‘एफ’च्या कळीवर, दुसरी बरोबर तिच्या वर ‘आर’वर. पहिला उकार ‘जी’वर, दुसरा त्याच्या वर ‘टी’वर. बोट एक ओळ चुकलं की ऱ्हस्वाचं दीर्घ झालं. ‘र’ला पाय मोडून ‘य’ जोडला की सरळ रफार येतो. ‘ऱ्य’ हवा तर ऱ हे वेगळं अक्षर घ्यावं लागतं (इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून ‘जे’), आणि ते कुठे आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. मग दऱ्यांचा दर्या होतो आणि स्वयंपाक करणाऱ्या आचाऱ्यांचे आचार्य होतात. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणाऱ्या सामाईक अक्षरसंकेतात, आणला की रफार आणि पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते. ‘शुध्द’ आणि ‘श्रध्दा’ हे असंच जोडाक्षराच्या बांधणीतून येतं. ‘द’ला सरळ दंड नाही, तो अर्धा करायला अवघड. ‘ध’चा दंड काढला की अर्धा ध तयार. सोपं ते आधी येतं. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात म्हणूनही भांडणं होतात. शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळण ठरवून दिलं ते चांगलंच केलं. पण युनिकोडमध्ये दोन्ही ‘ल’ना संकेतांक एकच आहे, दिसणं फॉन्टवर. लिहिणाऱ्याचा त्यात हात नाही.

मग आग्रह कुठे धरायचा? जिथे अर्थ फिरतो तिथे. मृत्युपत्रात ‘भावाच्या नावे’ आणि ‘भावांच्या नावे’ यांत एका टिंबाचा फरक आहे, आणि त्या टिंबावर जमीन एकाची होते किंवा सगळ्यांची होते. आदेशात ‘कर्मचाऱ्याचे वेतन’ आणि ‘कर्मचाऱ्यांचे वेतन’ हेही तसंच. हे टिंब कानाला स्पष्ट ऐकू येतं, त्यासाठी संस्कृत लागत नाही, त्यामुळे इथे हयगयीला सबब नाही. दुसरी जागा म्हणजे शब्द तोडण्याची. ‘औषध देऊ नये’ आणि ‘औषध देऊन ये’ यांत फक्त मोकळी जागा एका अक्षराने सरकली आहे. घाईत टाईप केलेल्या निरोपात असं झालं तर रुग्णाच्या जिवाशी गाठ. ‘मी पण’ आणि ‘मीपण’ हेही त्यातलंच, फक्त तिथे कुणाचं काही बिघडत नाही.

‘दिन’ आणि ‘दीन’चं उदाहरण नेहमी देतात. ‘महिला दीन’ लिहिलं म्हणजे बायकांना गरीब म्हटलं, वगैरे. खरं सांगायचं तर त्या फलकासमोर उभं राहून कुणाचाच असा गैरसमज होत नाही. शिर आणि शीर, सुर आणि सूर, पिक आणि पीक या जोड्या परीक्षेला ठीक, वाक्यात बहुतेक वेळा संदर्भ अर्थ सांगतो. पण तो फलक पालिकेने लावला असेल, पैसे देऊन छापून घेतला असेल, तर मात्र जाब विचारावा. पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र, न्यायालयाची नोटीस, परीक्षेची प्रश्नपत्रिका यांच्याकडे वेळ असतो, पैसा असतो, मुद्रितशोधक नेमता येतो. तिथली चूक हजारोंच्या डोळ्यांत बसते आणि पुढच्या हजारो वह्यांत उतरते. रात्री अकराला कामावरून येऊन फोनवर चार ओळी लिहिणाऱ्याला आणि यांना एकच मापदंड लावणं चुकीचं आहे.

नावांना तर हातच लावू नये. व्याकरणाने दीपक, नीलेश, प्रवीण, सुनील. पण शाळेच्या दाखल्यावर ‘दिपक’ असेल तर त्याचं नाव दिपक. कुणी लिपिक चांगल्या हेतूने ते ‘सुधारतो’, मग दाखल्यावर एक आणि आधारवर दुसरं होतं, आणि प्रतिज्ञापत्र, राजपत्र अशा खेपा त्या दिपकला घालाव्या लागतात.

ज्यांना कामाचा भाग म्हणून दुसऱ्याचं लेखन जोखावं लागतं, त्यांनी पहिलं वाचन पेन खाली ठेवून करावं. म्हणणं काय आहे, क्रम आहे का, पुरावा आहे का, तेवढंच बघावं. दुसऱ्या वाचनात खुणा कराव्यात आणि त्या वेगळ्या कराव्यात: अर्थ बदलणाऱ्या, कानाला कळायला हव्या होत्या अशा, निव्वळ व्युत्पत्तीवर उभ्या असलेल्या, यंत्राच्या, आणि बोलीच्या. शेवटच्या दोन मोजूच नयेत. एका निबंधात ‘महत्व’ आठ वेळा आलं तर त्या आठ चुका नाहीत, एक आहे. त्या मुलाला एवढंच माहीत नाही की महत् आणि त्व मिळून महत्त्व होतं, म्हणून दोन त. ते एकदा सांगितलं की ‘व्यक्तिमत्त्व’ही सुटतं, आणि ‘नेतृत्व’ला एकच त का तेही कळतं. आठ गुण कापल्याने यातलं काहीच कळत नाही. शिवाय डिस्लेक्सियासारखी अध्ययन अक्षमता असलेली मुलं प्रत्येक शाळेत असतात, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिची नोंद आहे. त्यांच्या वहीतल्या उलटसुलट वेलांट्यांना आळस म्हणणं हा तर गुन्हाच समजायला हवा.

आणि ज्यांना मित्राची चूक दाखवायची आहे त्यांनी इनबॉक्समध्ये जावं. एका वेळी एकच शब्द, त्याच्या कारणासकट. ‘पारंपारिक नाही रे, परंपरेवरून पारंपरिक, सामाजिक-आर्थिकसारखं’ इतकं पुरे. शोक, आजारपण, मदतीची हाक, असल्या पोस्टवर तेही नको.

कुणाला नोकरीचा अर्ज, तक्रारीचं पत्र, लग्नपत्रिका किंवा ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा तपासून हवा असेल तर मला पाठवा. छापायला देण्याआधी दोन दिवस पाठवा, आणि नावं दाखल्यावर जशी आहेत तशीच लिहून पाठवा.